आत कोण येणार?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात मी एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत गरोदर बाया घरी भेटतात त्या दिवस मावळल्यावरच. अशाच एका संध्याकाळी आशाताई मला एका घरी घेऊन गेली. बाईला नववा महिना, दुसरी खेप, हिमोग्लोबिन आठच्या आसपास, म्हणजे रक्त कमी, आणि दवाखान्यात यायला साफ नकार. सुईण आजीला निरोपही गेला होता.

मी सगळं सांगितलं. १०२ ची गाडी फुकट येते, जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात. ती कळण्याची भाकरी थापत ऐकत होती. तव्यावरची उलटली आणि म्हणाली, “ताई, पैसानं नही. तठे माले एकलीले ठेवतस. सासूले मझार येऊ देतस नही.”

पहिल्या खेपेला एका मोठ्या दवाखान्यात ती रात्रभर टेबलावर एकटी होती. कळ सहन होईना म्हणून ओरडली, तर सगळे तिच्यावर खेकसले. सासू बाहेर पायरीवर बसून होती.

दवाखाना लांब म्हणून बाया घरी बाळंत होतात, हे अर्धंच खरं. थोरलं लेकरू कोण सांभाळील, शेळ्या कोण बांधील, कळा येताना पाठीवर हात कोणाचा असेल, हा हिशोब आधी होतो. आणि तो अगदी शहाणपणाचा आहे.

बाळंतपणात सोबतीला बाई ठेवायची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली आहे. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलले, ते हो म्हणाले. मग मी सासूबाईंना शब्द दिला.

कळा रात्री सुरू झाल्या. गाडीत सासू बसली, आजीही बसल्या. आत आजी तिची कंबर चोळत होत्या, सासू कपाळावरचा घाम पुसत होती. बाळ छान रडलं. गर्भाशय आवळावं म्हणून लगेच ऑक्सिटोसिन दिलं, वारही पडली, पण रक्त थांबेना. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊच. मी चोळत राहिले, डॉक्टरांनी सलाइनमधून आणखी औषध सुरू केलं. हाताखाली ते घट्ट झालं तेव्हा कुठे मला श्वास घेता आला. आजींनी हे सगळं जवळून पाहिलं. अशी अशक्त बाई आता मी घरी घेणार नाही, असं त्या आपणहून म्हणाल्या.

आता नवव्या महिन्यात मी आधी विचारते, आत कोण येणार? ते नाव कार्डावर लिहून ठेवते. आमच्या केंद्रात ते चालतं. मात्र पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागलं की कितीदा तरी सोबतीच्या बाईला दारातच अडवतात. मी फोन करून भांडते. कधी ऐकतात, कधी नाही.