रूडीचे बारा वाजले की

पिनबॉल म्हणजे नाणं टाकून, उतरत्या पटावर पोलादी गोळी खाली पडू न देता टोलवत राहायचा खेळ. त्याच्या यंत्राच्या काचेवर काय रंगवायचं, याचे ठोकताळे फार पूर्वीच ठरून गेले होते. शर्यतीच्या मोटारी, पत्त्यांचे डाव, अंतराळयानं, तोकड्या कपड्यांतल्या सुंदऱ्या. पुढे गाजलेले सिनेमे आले आणि विषय शोधायची कटकटच संपली. अशात १९९० साली शिकागोच्या विल्यम्स कंपनीने 'फनहाउस' बाजारात आणलं. विषय काय, तर जत्रेतला आरसेमहाल आणि त्यात राहणारा एक उर्मट बाहुला. त्याचं नाव रूडी. धड नाही, हातपाय नाहीत. खेळाच्या पटावर नुसतं डोकं बसवलेलं. ते डोळे फिरवतं, पापण्या मिटतं, जबडा हलवून बोलतं, आणि बोलतं ते बहुतेक खेळणाऱ्याला टाकून.

यंत्र बोलतं याची नवलाई तोवर ओसरली होती. याच कंपनीचं १९७९चं 'गॉर्गर' बोलायचं, पण त्याचा शब्दसंग्रह होता सगळा मिळून सात शब्दांचा. रूडीचं वेगळेपण बोलण्यात कमी आणि वेळ साधण्यात जास्त आहे. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. यशवंत पाध्यांनी घडवलेला आणि रामदास पाध्यांनी घरोघरी पोचवलेला अर्धवटराव आपण पाहिलेला आहे. अर्धवटरावाचा विनोद नुसत्या वाक्यात नसतो. वाक्याच्या आधी मान वळते, डोळे बाजूला जातात, आणि मग टोमणा येतो. शब्दभ्रमकार शेजारी बसून तो मुकाट ऐकून घेतो. फनहाउसमध्ये शब्दभ्रमकाराची जागा रिकामी ठेवली आहे. टोमणा खाणारा माणूस नाणं टाकून, दोन्ही हात फ्लिपरच्या, म्हणजे गोळी टोलवणाऱ्या दांड्यांच्या, बटणांवर ठेवून समोर उभा असतो. बाहुला बोलतो, माणूस पोलादी गोळीने उत्तर देतो. विषयाची निवड विचित्र वाटते खरी, पण या एका कल्पनेने ती पुरी वसूल होते.

यंत्राची रचना पॅट लॉलर आणि लॅरी डीमार यांची. जॉन यूसीने चित्रं काढली, संगीत ख्रिस ग्रॅनरचं, आणि रूडीला आवाज दिला एड बून या प्रोग्रॅमरने. दोनच वर्षांनी 'मॉर्टल कॉम्बॅट' या व्हिडिओ गेमच्या कर्त्यांपैकी एक म्हणून जगाला ठाऊक झाला तो हाच. लॉलरला चमत्कारिक कल्पनांची खोडच होती. १९८८च्या 'बान्झाय रन'मध्ये त्याने खेळाचा दुसरा पट चक्क मागच्या, काचेआडच्या उभ्या खोक्यात बसवला होता, आणि 'व्हर्लविंड'च्या डोक्यावर पंखा लावून वादळात खेळणाऱ्याच्या तोंडावर वारा सोडला होता. पण पंखा काढून टाकला तरी 'व्हर्लविंड' खेळता येतं. रूडीला काढलं तर फनहाउसमध्ये खेळण्यासारखं फारसं उरत नाही.

याचं कारण घड्याळ. पटाच्या मधोमध दिव्यांचं एक घड्याळ आहे. ठरावीक नेम साधले की त्यातली वेळ पुढे सरकते. वेळ बाराच्या जवळ आली की गोळ्या अडकवून ठेवायची सोय होते. बारा वाजले की आरसेमहाल बंद झाल्याची घोषणा होते, रूडीच्या पापण्या मिटतात, तो घोरू लागतो आणि त्याचा जबडा खाली लोंबतो. आता करायचं एवढंच, की घोरणाऱ्याच्या उघड्या तोंडात गोळी मारायची. गोळी आत गेली की तो धडपडून जागा होतो, अडकवलेल्या गोळ्या सुटतात, तीन गोळ्या एकदम पटावर धावू लागतात आणि जॅकपॉटसाठी चोरदरवाजा खुणावतो. शाळेच्या सहलीत बसमध्ये आ वासून झोपलेल्याच्या तोंडात शेंगदाणा टाकायचा मोह ज्यांना झाला आहे, त्यांना हा नियम समजावून सांगायला लागत नाही. नियमांची लांबलचक यादी असलेली यंत्रं पुढे ढिगाने आली. इतका सरळ आणि इतका वात्रट नियम मात्र क्वचितच कुणाला सुचला.

रूडी जागा असताना त्याला मारलं तर गोळी तोंडावर आपटते. तो कळवळतो आणि गोळी वेडीवाकडी परत येते. २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी वर्षानुवर्षं एकाच चेहऱ्यावर आदळली की ओठांचा आणि हनुवटीचा रंग उडतो. जुन्या यंत्रातल्या रूडीची हनुवटी कोरी करकरीत दिसली, तर चेहरा बदललाय किंवा रंगवलाय हे ओळखावं. त्यात गैर काही नाही, फक्त किंमत ठरवताना ध्यानात असू द्यावं.

डोक्याच्या आत जबड्याला मोटर आहे, डोळे डावी-उजवीकडे न्यायला कॉइल, म्हणजे वीज मिळताच लोखंड ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या, आहेत, पापण्या उघडण्या-मिटण्याला वेगळ्या. खेळताना हटकून असं वाटतं की रूडीची नजर गोळीचा पाठलाग करते आहे. त्याला दिसत अर्थातच काही नाही. पटावर जागोजागी स्विच असतात. गोळी त्यावरून गेली की स्विच क्षणभर मिटतो, म्हणजे त्याचे संपर्क जुळतात, आणि गोळी शेवटची कुठे होती तेवढंच यंत्राला कळतं. डोळ्यांना जागाही तीनच: डावीकडे, समोर, उजवीकडे. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर, एवढ्या ढोबळ हालचालीत, कुणीतरी आपल्याकडे बघतंय असा भास उभा राहतो, कारण स्विच मिटणं आणि डोळे वळणं यांत वेळ जातच नाही.

म्हणून रूडीचा स्वभाव त्याच्या डोक्यात शोधू नये. तो पटाखालच्या स्विचांत आहे. एक स्विच मेला की तो तिकडे बघायचं सोडतो. दोनतीन मेले की टोमणे अवेळी पडू लागतात, घड्याळ अडतं, आणि बाहुला विसराळू म्हाताऱ्यासारखा वागू लागतो. पुष्कळ मालक अशा वेळी डोकं उघडून बसतात आणि नसलेला दोष शोधतात.

खरा दोष शोधायचा तर आधी पडद्याकडे बघावं. क्रेडिटच्या आकड्यापुढे बारीकसा ठिपका दिसत असेल, तर यंत्राची काहीतरी तक्रार आहे; बहुतेकदा एखादा स्विच बऱ्याच गोळ्यांत एकदाही मिटलेला नसतो. नाणेपेटीच्या दारामागे बटणं असतात. त्यांनी चाचणीच्या यादीत शिरून स्विचची चाचणी लावावी, काच काढावी आणि गोळी हाताने एकेका स्विचवरून फिरवावी. ज्या स्विचचं नाव पडद्यावर उमटत नाही, तो गुन्हेगार. पुष्कळदा स्विचची धातूची पाती नुसती वाकलेली असते, किंवा सोल्डर सुटलेला असतो.

नाव चुकीचं उमटत असेल तर मामला जरा खोल आहे. या यंत्रात स्विच आठ आडव्या आणि आठ उभ्या ओळींच्या जाळ्यात जोडलेले असतात, आणि प्रत्येकाला एक डायोड असतो. विजेने उलट्या वाटेने जाऊ नये, एवढंच त्याचं काम. एखादा डायोड शॉर्ट झाला, तर जाळ्यातल्या एका चौकोनाचे तीन कोपरे मिटताच चौथा न मिटताही मिटल्यासारखा भासतो. गोळी डावीकडे, रूडी बघतोय उजवीकडे! डायोड काही पैशांत मिळतो, पण लावताना त्याच्यावरच्या पट्टीची बाजू उलटी झाली की तो स्विच मुकाच राहतो.

आणि जाळंच्या जाळं बिघडलेलं असेल, तर मागच्या खोक्यातल्या मुख्य बोर्डावरचे तीन पेन्सिल सेल बघावेत. यंत्र बंद असताना विक्रम आणि सेटिंग लक्षात ठेवायला ते असतात. ते गळले की क्षार खाली उतरतो आणि नेमका स्विचांच्या चिपांवर जातो. रूडीला लागणारं हे सर्वांत वाईट दुखणं. हिरवट-पांढरा थर दिसताच सेल काढून टाकावेत. अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी असते. ती पांढऱ्या व्हिनेगरने मारावी, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. त्यानंतर सेलची पेटी वायरने बोर्डापासून लांब, खाली बसवावी. सेल वर्षाला बदलावेत, दिवाळीच्या साफसफाईला जोडून घेतलं तर विसरायला होत नाही.

फ्लिपरची गोष्ट निराळी. फनहाउस ज्या काळचं आहे, त्या काळी फ्लिपर अजून जुन्या पद्धतीने चालायचे. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात: चारपाच ओहमची ताकदीची, आणि दीडशे ओहमच्या आसपासची धरून ठेवायची. फ्लिपर पूर्ण वर गेला की टोकाचा स्विच उघडतो आणि ताकदीची गुंडाळी बाद होते. हा स्विच उघडलाच नाही तर कॉइल तापते, प्लॅस्टिकची नळी आकसते, आतला लोखंडी दांडा (प्लंजर) अडकतो आणि जळका वास येतो. उलट त्याचे संपर्क काळे पडले तर ताकदच मिळत नाही. गोळी रॅम्पच्या अर्ध्यावरून लाजून परत येते. हे संपर्क टंगस्टनचे असतात, त्यांना बारीक कानस चालते. स्विचांच्या सोनेरी मुलामा दिलेल्या पात्यांना मात्र कानस कधी लावू नये, जाड कागदाची पट्टी मधून ओढली की पुरे. फ्लिपर पूर्ण वर असताना फट साधारण तीन मिलिमीटर हवी. हे काम वीज बंद करूनच करायचं, कारण कॉइलकडे पन्नास व्होल्टच्या वर वीज असते.

उताराबद्दल लोक फार बेफिकीर असतात. पट साधारण साडेसहा अंशांत हवा. कमी झाला तर गोळी पाण्यातल्यासारखी तरंगते आणि रूडीला फुरसतच फुरसत मिळते. टोमणा आणि फटका यांची गाठ पडत नाही. उतार फार केला तर कमजोर फ्लिपर उघडे पडतात. मागच्या पायांचे स्क्रू फिरवून उतार जमवावा, मग आडवी पातळी बघावी, आणि सर्वांत शेवटी टिल्टचा ओळंबा. गवंड्याकडे असतो तसाच ओळंबा कडीच्या मधोमध लोंबतो. यंत्र जास्त हलवलं की तो कडीला टेकतो, आणि इशारे संपले की चालू गोळी बाद होते. उतार बदलला की ओळंब्याचा मध्यही सरकतो, हे विसरणाऱ्याच्या गोळ्या उगाच बाद होत राहतात.

अशा या बाहुल्याला लोकांनी कसं स्वीकारलं? सुमारे १०,७५० यंत्रं बनली. कुठल्याही सिनेमाचं नाव नसताना हा आकडा चांगलाच म्हणायचा. त्यानंतर १९९२ साली याच लॉलर-डीमार जोडीचं 'अ‍ॅडम्स फॅमिली' आलं आणि २०,२७० नगांवर गेलं. त्याच्या पाठीशी सिनेमा होता. कंपन्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला, आणि पुढे सिनेमांसारखे परवाना घेऊन वापरायचे विषय वाढत गेले. रूडीची कल्पना लॉलरने १९९४ साली 'रोड शो'मध्ये पुन्हा वापरली. विषय रस्तेबांधणीचा, आणि डोकी दोन, रेड आणि टेड. यंत्र मजेदार आहे, पण दोन डोकी एकमेकांशीच बोलत बसतात आणि खेळणारा बघ्या होतो. एकट्या रूडीला आपल्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, तीच त्याची ताकद. 'रोड शो' ६,२५९ नगांवर थांबलं. तोवर धंद्यालाही ओहोटी लागली होती, म्हणून सगळा दोष डोक्यांच्या माथी मारता येत नाही. १९९९ साली विल्यम्सने पिनबॉल विभागच बंद केला.

रूडी अजिबात सहन न होणारेही पुष्कळ आहेत. कुणाला त्या डोळ्यांची भीती वाटते, कुणाला तेच ते टोमणे डोक्यात जातात. दुकानदाराला दिवसभर ते ऐकावं लागत असेल तर त्याचं दुःख समजू शकतं. नाणेपेटीच्या दाराआडच्या बटणांनी आवाज कमी करता येतो, पण अगदी शून्यावर नेला तर पटावर जबडा हलवणारं एक डोकं तेवढं उरतं, आणि ते बोलणाऱ्या रूडीपेक्षा जास्त भयंकर दिसतं. इटलीतल्या पेद्रेत्ती गेमिंगने जुन्या फनहाउसमध्ये बसवायचा एक नवा संच काढला आहे. त्यात खेळाचे नियम नवे, पडदा नवा, आणि रूडी आधीपेक्षा जास्त चिडलेला. तो बसवायचा असेल तर आधी जुने स्विच, डायोड आणि फ्लिपर नीट करून घ्यावेत. प्रोग्रॅम कितीही नवा असला तरी गोळी कुठे आहे ते त्याला जुन्या पात्याच सांगणार आहेत.