तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रिजचा ट्रॅफिक हबमधून का मोजायचो?

नव्या मुलांना जुन्या नेटवर्कबद्दल सांगायला बसलं की हा प्रश्न येतोच. (ब्रिज म्हणजे दोन जागांची नेटवर्क जोडणारा डबा, हब म्हणजे एका जागेच्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा.) आता तर लग्नात भेटणारे जुने सहकारीही हसत हसत विचारतात, "ब्रिजमधून काय जातंय ते बघायला तुम्ही हबचं सॉफ्टवेअर उघडून बसायचात ना? सरळ ब्रिजलाच का नाही विचारलंत?"

ब्रिज बोलतच नव्हता, म्हणून. गोष्ट १९९४ ची. भोसरीचा कारखाना आणि मुंबईचं हेड ऑफिस यांच्यामध्ये ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ हजार बिट) लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याची, कायम जोडलेली लाइन, दोन्ही टोकांना एकेक रिमोट ब्रिज. मागे एक सीरियल पोर्ट. त्याला टर्मिनल जोडला की लिंक चालू आहे की बंद, एवढंच कळायचं. ब्रिजच्या एमआयबीचा (त्याला कोणते आकडे विचारता येतात त्या यादीचा) आरएफसी, म्हणजे इंटरनेटवाल्यांचा नियमांचा कागद, १९९१ मध्येच निघाला होता हे मलाही माहीत आहे, कृपया पुन्हा सांगू नका. आमचा डबा त्याच्याही आधीचा होता. हबमध्ये मात्र मॅनेजमेंट मॉड्यूल, म्हणजे आकडे मोजून कळवणारं कार्ड, होतं आणि त्याचं सॉफ्टवेअर ईडीपीतल्या (कॉम्प्युटर विभागातल्या) एका पीसीवर चालायचं. वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय जातंय ते उलगडून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर, का नाही लावलं, असं विचारणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. ते १९९८ मध्ये इथरिअल या नावाने आलं. विकत मिळणाऱ्या ॲनालायझरचं कोटेशन घेऊन गेलो की फायनान्सवाले चहा पाजून परत पाठवायचे.

आता 'कसं' ते. हब हा साधा रिपीटर. एका पोर्टवर आलेली फ्रेम, म्हणजे डेटाचं पुडकं, तो बाकी सगळ्या पोर्टवर ओरडून सांगतो. पण पोर्टचा काउंटर फक्त त्या पोर्टातून आत आलेलं मोजतो. म्हणजे भोसरीच्या हबवर ज्या पोर्टात ब्रिजची वायर होती, त्या पोर्टचा आकडा हा मुंबईहून आलेला माल. आणि भोसरीहून मुंबईला काय गेलं, ते मुंबईच्या हबवर, तिथल्या ब्रिजच्या पोर्टवर. दोन हबांकडून दोन अर्धे आकडे घ्यायचे आणि शेजारी शेजारी मांडायचे. उलटा कारभार वाटतो ना? वाटू दे. आकडे खरे होते.

खोटे होते ते टक्के. सॉफ्टवेअर प्रत्येक सेगमेंट (नेटवर्कचा तुकडा) किती भरला त्याचा हिरवा पट्टा दाखवायचं, आणि तो पट्टा १० एमबीपीएसच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या वेगाच्या, हिशोबाने असायचा. एक टक्का म्हणजे १०० केबीपीएस. आमची लाइन ०.६४ टक्क्यालाच तुडुंब. लाइन गुदमरत असली तरी पट्टा जागचा हलणार नाही. मी टक्के बघणं सोडून दिलं. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट, मिनिटाला ४,८०,०००. ब्रिजच्या पोर्टचा काउंटर मिनिटामिनिटाला लिहायचा, वजाबाकी करायची आणि ४,८०,००० च्या किती जवळ आलो ते बघायचं. हा सगळा शहाणपणा एका वहीत होता. साहेबांना वही दिसत नव्हती, पट्टा दिसत होता.

आणि मग ती महिनाअखेर. दुपारी लाइट गेली. यूपीएसची बॅटरी जेमतेम, त्यामुळे भोसरीचा सर्व्हर (तेव्हाच्या नेटवेअर सिस्टिमवरचा) खाली घ्यावा लागला. लाइट आल्यावर थोड्याच वेळात सॉफ्टवेअरच्या नकाशावर मुंबईचा हब लाल झाला. मुंबईला फोन केला, तर तिथला माणूस म्हणतो, "साहेब, इथे सगळे दिवे नीट लुकलुकतायत." पण आमच्या साहेबांचा विश्वास लाल रंगावर. "हब गेला. वेंडरला पाठवा." मी म्हटलं, सर, पोलिंगसुद्धा, म्हणजे हबला 'आहेस का' असं विचारणंसुद्धा, त्याच लाइनमधून जातं. लाइन भरली तर हब जिवंत असूनही उत्तर येणार नाही. "मग भोसरीचा पट्टा हिरवा कसा?" यावर मी ०.६४ चा हिशोब सांगायला लागलो, तेव्हा खोलीतल्या चेहऱ्यांवर जे दिसलं ते अजून विसरलेलो नाही. नेटवर्कवाला काहीतरी लपवतोय!

वेंडरचा माणूस गेला, त्याने मॉड्यूल बदललं, आणि तेवढ्यात हब हिरवा झाला. झालं. बिल पास, माझं म्हणणं नापास. हब आपोआपच हिरवा झाला होता, मॉड्यूल बदललं नसतं तरी झालाच असता, हे मी त्यानंतर किती जणांना सांगितलं असेल!

पुन्हा लाइट गेली तेव्हा मी वही घेऊन तयार होतो. भोसरीच्या ब्रिज पोर्टवर मिनिटाला साडेचार लाखांच्या वर, सतत. त्या पोर्टच्या 'शेवटचा पत्ता' या रकान्यात एकच पत्ता ठाण मांडून बसलेला, मुंबईच्या सर्व्हरच्या कार्डाचा. तो सर्व्हर भोसरीला एवढं काय पाठवतोय?

स्टोअरमध्ये गेलो. तिथे सगळे डिस्कलेस नोड, म्हणजे स्वतःची डिस्क नसलेले, सर्व्हरकडून बूट होणारे पीसी. लाइट आली की ते काही सेकंदांत उठतात आणि जवळचा सर्व्हर कोण, अशी हाक मारतात. आमचा सर्व्हर तेव्हा अजून व्हॉल्यूम माउंट करत (आपल्या डिस्क उघडत) असायचा. ब्रिजला काय, ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना मारलेली हाक, आला की पुढे ढकलायचा. हाक मुंबईला पोचायची, मुंबईचा सर्व्हर ओ द्यायचा, आणि नोडांची अख्खी पलटण त्या ६४ मधून बूट व्हायला लागायची. स्टोअरमधल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, लाइट गेल्यावर स्क्रीनवर मुंबईच्याच सर्व्हरचं नाव येतं. मला वाटलं तसंच असतं."

इथे आमचा एक मित्र मला दर वेळी पकडतो. म्हणतो, "म्हणजे सांगितलं काकांनी. सॉफ्टवेअरने काय केलं?" मी म्हणतो, पत्त्याचा रकाना नसता तर मी स्टोअरमध्ये गेलोच नसतो. तो म्हणतो, काकांना आधी विचारलं असतंस तर रकान्याची गरज नव्हती. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. तेव्हाचा मी वहीला सर्वज्ञ समजायचा. आताच्या मला वाटतं, वहीने पत्ता सांगितला, कारण नाही. पण वही नसती तर त्या बैठकीत माझ्या हातात काय होतं? काकांना कोण बैठकीला बोलावणार होतं?

दुसरा टोमणा: ब्रिजच्या जागी राउटर, म्हणजे अशा हाका पुढे न ढकलणारा डबा, घातला असता तर हे झालंच नसतं. ब्रॉडकास्ट थांबले असते, मान्य. पण जागेवर सर्व्हर नसला की त्या हाकेला राउटरही माहितीतल्या लांबच्या सर्व्हरचं नाव पुढे करतो. फिल्टर लिहावा लागलाच असता. तरी राउटर हवा होता का? हवा होता. मी मागितला होता का? मागितला होता, पण जोर लावून नाही. मॉड्यूलच्या प्रकरणानंतर माझ्या शब्दाला वजन उरलं नव्हतं.

उपाय काय केला, हेही विचारता म्हणून सांगतो. लाइट गेली की स्टोअरचा एमसीबी (विजेचा मेन स्विच) बंद ठेवायचा आणि ईडीपीतून फोन आल्यावरच चढवायचा, असा कागद शिफ्ट सुपरवायझरच्या टेबलावर लावला. मित्राच्या मते हा नेटवर्कचा उपाय नव्हेच. महिनाअखेरीचे डिस्पॅच मात्र त्यानंतर अडकले नाहीत, आणि मुंबईचं बदललेलं जुनं मॉड्यूल आम्ही भोसरीत एका हबमध्ये बसवलं, ते उत्तम चाललं.