सहा कंटेनर, एकच दार

माझ्या सर्व्हरवर इन्कसचे सहा सिस्टीम कंटेनर चालतात, म्हणजे एकाच मशीनमध्ये सहा वेगळे लिनक्स कप्पे. इन्कस हे असे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, एलएक्सडी या प्रकल्पापासून २०२३ मध्ये वेगळं झालेलं. प्रत्येक कंटेनरात सेवा सुरू करणारी स्वतःची इनिट सिस्टीम, स्वतःचे युजर. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र होस्टचाच, म्हणजे मूळ सर्व्हरचाच. त्यामुळे मी त्यांना छोटे सर्व्हर समजूनच वागवत होतो. प्रत्येकात एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय), प्रत्येकात लॉगिनची की, आणि आतल्या खाजगी आयपीपर्यंत पोचायला होस्टवर २२०१, २२०२ असे उघडे पोर्ट.

मग कळलं, की माझं रिमोट टूल होस्टवर एसएसएचने लॉगिन करून तिथेच कंटेनरांची यादी देणारं ‘इन्कस लिस्ट’ चालवतं आणि ‘इन्कस एक्झेक’ने कंटेनरात शेल, म्हणजे कमांड देण्याची जागा, उघडतं. म्हणजे आत एसएसएच लागतच नाही! लगेच होस्ट जोडला. होस्ट दिसला, कंटेनर एकही नाही.

तीच कमांड हाताने दिली तर परवानगी नाकारली. सुडो लावून, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) हक्काने दिल्यावर सहाच्या सहा हजर. माझा युजर इन्कसचे पूर्ण अधिकार देणाऱ्या ‘इन्कस-ॲडमिन’ ग्रुपमध्ये नव्हता. ‘यूजरमॉड’ कमांडने घातला, टूल बंद करून उघडलं, तरी यादी रिकामीच. इथे दोन तास गेले. शेवटी टूलच्या टर्मिनलमध्ये युजरचे ग्रुप दाखवणारं ‘आयडी’ टाइप केलं, तर नवा ग्रुप नाही. दुसऱ्या मशीनवरून लॉगिन केलं, तर आहे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ग्रुप लॉगिनच्या वेळी ठरतात, आणि माझ्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ‘कंट्रोलपर्सिस्ट’ होतं. टूल बंद केलं तरी मागे जुनं कनेक्शन जिवंत राहायचं आणि नवं सत्र त्यातूनच जायचं. ‘एसएसएच’ला ‘ओ एक्झिट’ देऊन ते तोडलं, पुन्हा जोडलं, आणि सहाही कंटेनर समोर आले.

एक कंटेनर अल्पाइन या छोट्या लिनक्सचा, त्यात बॅश हे नेहमीचं शेल नाही; तिथे शेल ‘एसएच’ करावं लागलं. बाकी सुरू-बंद करणं, अपग्रेडआधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेणं, सगळं आता एका जागेवरून होतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ‘इन्कस-ॲडमिन’ ग्रुप म्हणजे होस्टचा रूटच. त्यातला माणूस होस्टची अख्खी डिस्क कंटेनरला जोडू शकतो. म्हणून सहकाऱ्यांना मी साध्या ‘इन्कस’ ग्रुपमध्ये ठेवलं आहे. तिथे ज्याला त्याला आपापलं मर्यादित प्रोजेक्ट मिळतं.

काल २२०१ पासूनचे सगळे पोर्ट काढून टाकले. लॉगिनसाठी बाहेरून आता फक्त २२ उघडा आहे.