ताश्कंदचा चिल्ला आणि आमची उजनी

"तिकडं बर्फ हाय म्हनतोस, मग स्वेटर घे की रे!" आईचा हट्ट. घेतला. जूनच्या अखेरीस ताश्कंदच्या विमानतळाबाहेर पडलो, तर तोंडावर मे महिन्यातल्या आमच्या सोलापूरच्या नव्या पेठेची झळ. स्वेटर शेवटपर्यंत कडक भाकरी आणि शेंगाचटणीखाली दबून राहिला.

उझबेकिस्तानात 25 जूनपासून 5 ऑगस्टपर्यंतच्या दिवसांना 'चिल्ला' म्हणतात, म्हणजे साधारण चाळीस दिवसांचा कडक उन्हाळा. पाराही चाळिशीला टेकलेला, त्यामुळे मला आधी वाटलं, नाव त्यावरूनच पडलं असणार. ऊन आपलंच. घाम मात्र येता येताच वाळतो, आणि ओठ दुसऱ्याच दिवशी फुटले. ढग औषधालाही नाही. तिथला पाऊस हिवाळ्यात आणि वसंतात पडून जातो.

मग रस्त्याकडेच्या पाटांतून हे खळाळतं पाणी कुठलं? या पाटांना तिथं 'आरिक' म्हणतात. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावचा माणूस मी, बघतच उभा राहिलो. बायको म्हणाली, "चला हो, लोक बघायलेत."

याचं उत्तर मिळालं ते ताश्कंदजवळच्या चिमगान या डोंगराळ भागाच्या वाटेवर. समोर तिएन शान डोंगररांग. खाली चारवाकचं निळंशार धरण, वर उंच घळींतून बर्फाचे पांढरे पट्टे. खाली आम्ही उन्हानं भाजतोय, आणि त्याच उन्हानं वरचा बर्फ वितळून चिरचिक नदीत उतरतोय. पाण्यात हात घातला आणि मिनिटात काढला, बोटं बधिर!

खरी गंमत इथंच आहे. त्यांचा हिवाळा डोंगरावर साठून राहतो आणि पिकाला तहान लागते नेमका तेव्हाच सुटतो. ऊन वाढलं की त्यांची नदी भरते. आमची भीमा त्याच उन्हात आटते. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण आम्ही चादरीच्या गावचे, त्यामुळे कापसाचा विषय निघणारच. 1960 नंतर सोव्हिएत राजवटीत याच डोंगरांचं पाणी कापसासाठी इतकं वळवलं, की अरल समुद्राचा बहुतेक भाग वाळवंट झाला. ते आठवलं आणि हेवा जरा निवळला.

चोरसू बाजारात टरबूज खाल्लं, साखरच. नान मात्र आपल्या कडक भाकरीइतकी टिकत नाही, हे मी अभिमानानं नोंदवतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात परतलो. सह्याद्रीनं अडवलेल्या ढगांचं उरलंसुरलं आभाळ डोक्यावर, पाऊस नाहीच. शेजारचे काका कट्ट्यावर पेपर घेऊन बसलेले.

"काका, उजनी धरण किती भरलं?"

"अजून मायनसच, मृतसाठ्याच्या बी खाली. पन पुन्याकडं घाटात लागलाय म्हनं."

आमचा डोंगरही तिकडंच, दोन-अडीचशे किलोमीटरवर. आई आतून विचारत होती, स्वेटर धुवायला टाकू का म्हणून.