एप्रिल, उकाडा आणि ऑसिलेटर

शनिवार, रात्र

क्वांटमचा हार्मोनिक ऑसिलेटर, म्हणजे स्प्रिंगला बांधल्यासारखा मागेपुढे हलणारा कण, आज एकदाचा डोक्यात शिरला. उत्तर पाठ होतंच. एच-बार ओमेगा हा ऊर्जेचा एक ठरावीक टप्पा, त्याच्या पटीतली ऊर्जा, वर अर्धा जादा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ते तसंच का, हे आज दुपारी कागदावर दिसलं.

दुपारी लाईट गेली होती. पत्र्याखाली नुसती भट्टी. पण लाईट गेली की शेजारच्या कारखान्यातले मागही थांबतात, आणि आमच्या गल्लीत विचार करता येतो तो तेवढ्याच वेळात. ओला टॉवेल मानेवर टाकून बसलो.

वर्गात आधी सिरीजची पद्धत झाली होती. इक्वेशन घ्या, पॉवर सिरीज मांडा, ती मध्येच तुटली नाही तर फंक्शन अनंताकडे फुगतं, म्हणून तोडा, आणि तोडण्याच्या अटीतून ऊर्जेचे टप्पे काढा. पानंच्या पानं भरतात. शेवटी हर्माइट पॉलिनोमियल या उत्तरातल्या बहुपदी हातात येतात खऱ्या, पण आपण नुसती हमाली केल्यासारखं वाटतं.

लॅडर ऑपरेटरचा रस्ता वेगळाच. स्थान आणि संवेग यांची बेरीज-वजाबाकी करून दोन ऑपरेटर, म्हणजे कणाच्या स्थितीवर लावायच्या क्रिया, बनवायचे, ए आणि ए-डॅगर. त्यांचा कम्युटेटर, म्हणजे क्रम उलटवल्यावर पडणारा फरक, एक. बस्स, भांडवल एवढंच. ए लावला की ऊर्जा एका पायरीने उतरते, ए-डॅगर लावला की एका पायरीने चढते. इथवर मला आधीही कळलं होतं. अडत होतं ते पुढे: पायऱ्या पूर्णांकांवरच का पडतात? पाऊण, पावणेदोन, पावणेतीन अशा का नाहीत?

तर ए-डॅगर-ए या पायरीचा आकडा सांगणाऱ्या नंबर ऑपरेटरची किंमत म्हणजे एका व्हेक्टरच्या लांबीचा वर्ग. ती शून्याखाली जाऊच शकत नाही. आता पाऊणवर उभं राहून ए लावा: उणे पाव. ते तर चालत नाही! म्हणजे उतरताना कुठेतरी ए ने शून्य व्हेक्टर द्यायलाच हवा, आणि तसं फक्त किंमत नेमकी शून्य असतानाच होतं. म्हणून पूर्णांक. ते कुणी वरून लादलेले नाहीत. बारावीत बोरचं १९१३ चं अणूचं मॉडेल शिकताना 'गृहीत धरा' म्हणून पूर्णांक गिळला होता. इथे तो आपसूक बाहेर पडतो. पेन खाली ठेवून मी जरा वेळ नुसताच हसत होतो. आईने आतून विचारलं, "काय झालं रे?" तिला काय सांगणार!

तळाच्या पायरीवरही अर्धा एच-बार ओमेगा उरतोच. हा अर्धा कागदावरचा हिशेब नाही. हेलियम साध्या दाबाखाली कितीही थंड करा, गोठत नाही. घन करायला सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो. अणू हलका, एकमेकांवरची ओढ क्षीण, आणि ही तळातली हालचाल त्यांना जागेवर बसू देत नाही.

संध्याकाळी मामांचा फॉरवर्ड आला: क्वांटमने सिद्ध केलंय, तुम्ही पाहता म्हणून जग आहे, सकारात्मक विचार करा. मामांशी वाद घालत नाही, मोठे आहेत. पण मोजमाप करायला माणसाचे डोळे लागत नाहीत, डिटेक्टरची काच पुरते. आणि या विषयात धूसर असं काही मला तरी अजून भेटलेलं नाही. कुठल्या निकालाची शक्यता किती, हे तो अगदी चोख सांगतो. त्या चोखपणाचं कुणी फॉरवर्ड करत नाही. १९२५ च्या जूनमध्ये क्वांटम मेकॅनिक्सचा पाया घालणारा हायझेनबर्ग परागकणांच्या ॲलर्जीने बेजार होऊन हेल्गोलँड बेटावर गेला, तिथेही त्याने ऑसिलेटरचेच हिशेब केले होते. त्याने आकड्यांचे जे तक्ते मांडले त्यांचा गुणाकार म्हणजे मॅट्रिक्सचाच गुणाकार, हे नंतर मॅक्स बॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं.

रात्री पार्क चौकात मित्र भेटला. "काय करलालास बे दिवसभर?" मी पावाच्या पुड्यावर शिडी काढून दाखवली. अभ्यासात तो माझ्या एक धडा पुढे आहे. म्हणाला, अँग्युलर मोमेंटमलाही, म्हणजे फिरण्याच्या संवेगालाही, हीच युक्ती लागते, पण तिथे शिडीला वरूनही टोक असतं, आणि दोन्ही टोकं जुळवताना पूर्णांकांबरोबर अर्धेही चालतात. फिरणाऱ्या कणाच्या कक्षेला ते अर्धे लागू पडत नाहीत. मग ते कुणाचे? १९२२ मध्ये स्टर्न आणि गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला तर त्याचे दोन भाग झाले, ते याच अर्ध्यामुळे. फक्त प्रयोग करताना त्या दोघांनाही हे ठाऊक नव्हतं, स्पिनची, म्हणजे कणाच्या अंगच्याच अँग्युलर मोमेंटमची, कल्पना १९२५ मध्ये आली.

सोमवारी केगावला विद्यापीठात तेच सुरू होणार. त्याआधी हायड्रोजनचं रेडियल इक्वेशन लिहून द्यायचंय, आणि सरांनी ते मुद्दाम सिरीजनेच करायला सांगितलंय. माग पुन्हा सुरू झालेत, आता कान झाकूनच बसावं लागणार.