सेबोर्गा: फुलं पिकवणाऱ्या राजाचं गाव

समुद्रकाठचं बोर्दिघेरा शहर सोडलं की भूमध्य समुद्र खाली खाली जात राहतो आणि रस्ता नागमोडी चढू लागतो. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मधूनमधून मिमोसाची झाडं. इटलीच्या लिगुरियात, फ्रान्सच्या सीमेजवळ, सुमारे ५०० मीटर उंचीवर सेबोर्गा वसलंय. वस्ती जेमतेम तीनशेच्या आसपास. वेशीवर निळ्या-पांढऱ्या रंगातली पहारेकऱ्याची चौकी दिसली आणि मला खरोखर भरून आलं. एवढंसं गाव स्वतःला स्वतंत्र राज्य म्हणवतं, आणि स्वतःची सीमा किती मनापासून राखलीय!

हे सगळं उभं केलं जॉर्जो कार्बोने यांनी. ते फुलांचे शेतकरी, इथल्या फूल उत्पादकांच्या सहकारी संस्थेचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं: सेबोर्गा शतकानुशतकं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरील लेरँसच्या मठाच्या ताब्यात होतं. १७२९ मध्ये मठानं ते सव्हॉय या राजघराण्याला (पुढे इटलीवर राज्य केलं ते हेच) विकलं, पण त्या विक्रीची रीतसर नोंद झालीच नाही. मग १८६१ मध्ये एकत्र झालेल्या इटलीत आपण आलो कसे? म्हणजे सेबोर्गा स्वतंत्रच. गावकऱ्यांना हे पटलं. १९६३ मध्ये त्यांनी कार्बोने यांना आपला राजा निवडलं. ते झाले पहिले जॉर्जो.

इटलीनं हा दावा कधीच मान्य केलेला नाही. इथले लोक कर इटलीला भरतात, मतदान इटलीच्या निवडणुकीत करतात, गावाला रीतसर महापौरही आहे. म्हणजे राजाच्या हाती ना खजिना, ना कायदा. तरीही १९९५ मध्ये स्वातंत्र्याच्या बाजूनं ३०४ मतं पडली आणि विरोधात फक्त ४. हुकूम चालवण्याची ताकद नसलेल्या माणसाच्या मागे जवळजवळ अख्खं गाव उभं राहतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

सान मार्तिनोच्या चर्चकडे जाणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात लागावेत. दुकानांत लुइजिनो नावाची नाणी मिळतात. राज्याच्या हिशेबात एक लुइजिनो म्हणजे सहा अमेरिकी डॉलर. मठाच्या काळात, सतराव्या शतकात, इथे टांकसाळ होती. कार्बोने यांच्या राज्यात ते नाव पुन्हा नाण्यावर आलं. सोबत टपाल तिकिटं आणि झेंडाही. माझ्यासारखी परकी माणसं एवढा घाट चढून येतात, ती याच राज्याच्या ओढीनं. माझ्या मते राजाचं खरं काम हेच होतं: नकाशावर सहज नजरेतून सुटेल अशा गावाला जगासमोर ठेवणं.

कार्बोने २००९ मध्ये वारले. गादी वारशानं कुणाकडे गेली नाही, कारण इथे राजाही निवडून येतो. आधी मार्चेल्लो मेनेगात्तो आले. २०१९ मध्ये जर्मनीत जन्मलेल्या नीना मेनेगात्तो निवडून आल्या. त्या आधी याच राज्याच्या परराष्ट्रमंत्री होत्या.

जमलं तर २० ऑगस्टला जा. तो संत बर्नार्डचा दिवस, सेबोर्गाचा राष्ट्रीय सण.