नेफेश आणि दारफळणीचा सण

योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या सणाच्या, आदल्या दुपारी दिमोनाहून एका वृद्ध बाईंना रुग्णवाहिकेतून आमच्या वॉर्डात आणले, तेव्हा त्या पुरत्या शुद्धीवर होत्या. मात्र सकाळी घरी असंबद्ध बोलू लागल्या त्या वेळी त्यांच्या रक्तातली साखर ४६ भरली होती. मधुमेहासाठी त्या वर्षानुवर्षे ग्लिबेनक्लामाईडची गोळी घेत होत्या आणि मूत्रपिंडांचे काम मंदावल्यामुळे त्या गोळीचा अंमल वेळेवर उतरत नव्हता. अशा रुग्णाची साखर शिरेतून ग्लुकोज देऊन वर आणली, तरी ती पुन्हा पुन्हा घसरते, आणि म्हणून पुढचा निदान एक दिवस त्याला थोडे थोडे खाऊ-पिऊ घालत, दर एक-दोन तासांनी साखर मोजत राहावे लागते. नेमका तोच दिवस वर्षातल्या सर्वांत कडक उपवासाचा होता. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत, सुमारे २५ तास, पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो.

मी दक्षिण इस्राएलमधल्या या रुग्णालयात परिचारिका आहे. आमचे घराणे रायगडकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, असल्यामुळे मराठी बोलणारे वृद्ध रुग्ण आले की मला बोलावणे येते. डॉक्टरांनी आजींना हिब्रूत एवढेच सांगितले होते की उपवासाचा प्रश्नच उद्भवत नाही, हे 'पिकुआख नेफेश', म्हणजे जीव वाचवण्याचे काम, आहे. नेफेश वाचवण्यासाठी मूर्तिपूजा, व्यभिचार आणि खून यांच्या मनाईखेरीज बाकी सर्व आज्ञा बाजूला ठेवायच्या, हा यहुदी धर्मशास्त्राचा दंडक इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. तो ऐकून आजींनी तोंड भिंतीकडे फिरवले होते.

मी शेजारी बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरी, त्या डॉक्टरला सांग, तो शब्द मलाही येतो." आणि त्यांनी तोराहमधले, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथातले, वाक्य स्पष्ट उच्चारात म्हटले: "वेइनितेम एत नाफ्शोतेखेम." मग त्याचा अर्थ सांगितला. "आपल्या नेफेशला क्लेश द्या, असं देवानं आज्ञा करून ठेवलंय. नेफेश म्हणजे आत्मा. साखर कमी होते ती शरीराची. शरीर पडलं तर पडू दे, आत्मा तरी निर्मळ होऊन जाईल."

हे वाक्य लेवीय या ग्रंथाच्या १६ व्या आणि २३ व्या अध्यायांत योम किप्पूरच्या संदर्भात येते. तोराह इथे 'उपवास' हा शब्द वापरतच नाही. नेफेशला क्लेश द्या, एवढेच ती म्हणते, आणि हा क्लेश म्हणजे अन्नपाण्याचा त्याग, हे ताल्मुद या धर्मचर्चांच्या जुन्या संग्रहातल्या 'योमा' या प्रकरणात चर्चेने ठरते. म्हणजे डॉक्टर ज्या शब्दाच्या आधारे त्यांना जेवायला सांगत होते, त्याच शब्दाच्या आधारे आजी जेवण नाकारत होत्या. हा हट्ट नव्हता. कोकणात योम किप्पूरला दारफळणीचा सण म्हणत. त्या दिवशी आमची माणसे पांढरी वस्त्रे नेसून, दारे बंद करून घरात बसत. अनेक पिढ्या आमच्या लोकांजवळ हिब्रू पोथ्या जवळजवळ नव्हत्या, तरी हा उपवास टिकला होता. जो उपवास ग्रंथाशिवाय टिकला, तो डॉक्टरांच्या एका वाक्याने सोडावा, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटले. त्यांना आज्ञा मोडायला लावायचे नव्हते. त्या आज्ञेतला शब्द त्यांच्यासमोर पुरता उलगडून ठेवायचा होता.

सूर्यास्ताला अजून अवकाश होता, म्हणून मी रुग्णालयाच्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, बोलावले. ते वयस्क गृहस्थ तनाख, म्हणजे हिब्रू बायबल, घेऊन आले, खुर्ची ओढून बसले आणि आजींचे म्हणणे त्यांनी माझ्याकडून दोनदा समजून घेतले. मग वाद न घालता त्यांनी ६९ वे स्तोत्र काढले. "की वाउ मायिम आद नाफेश", देवा, मला वाचव, पाणी नेफेशपर्यंत आले आहे. बुडणाऱ्या माणसाच्या तोंडचे हे शब्द आहेत. पाणी आत्म्यापर्यंत कसे येईल? इथे नेफेश म्हणजे गळा. मी ते मराठीत सांगताना "प्राण कंठाशी आले आहेत" असे म्हणून गेले, आणि आजींनी प्रथमच मान वळवून ग्रंथाकडे पाहिले.

त्यानंतर रब्बी पाने उलटत गेले आणि मी सांगत गेले. संदेष्टा यशया म्हणतो की अधोलोकाने आपला नेफेश रुंद केला आणि तोंड अमर्याद उघडले, तोही घसाच. रानात मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेले अन्न, खाऊन कंटाळलेले लोक मोशेकडे तक्रार करतात की आमचा नेफेश सुकून गेला आहे. नीतिसूत्रांत दूरदेशाहून आलेली चांगली बातमी ही थकलेल्या नेफेशला मिळालेल्या गार पाण्यासारखी म्हटली आहे. जिथून श्वास जातो, घास उतरतो, तहान जाणवते आणि हाक बाहेर पडते, ती जागा या शब्दाच्या मुळाशी आहे. तिथून तो श्वास, भूक, इच्छा, जीव आणि शेवटी सबंध माणूस इथपर्यंत पसरतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच्या माणसाच्या नाकात श्वास फुंकतो, तेव्हा माणसाला नेफेश मिळाला असे लिहिलेले नाही. माणूस जिवंत नेफेश झाला, असे लिहिले आहे. आधीच्या अध्यायात पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या प्राण्यांनाही हेच शब्द लावले आहेत.

मला सर्वांत जवळचे वाटते ते अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायातले वाक्य. कर्जाच्या तारणापोटी कुणाचे जाते, किंवा जात्याची वरची तळीसुद्धा, गहाण घेऊ नये, कारण तसे करणारा नेफेशच गहाण घेतो. आजी यावर लगेच म्हणाल्या, "खरंच आहे. जातं नेलं तर पोरं खातील काय?" त्या लहानपणी जात्यावर दळत असत. रब्बींना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की या वाक्यावर यापेक्षा वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

मग मी माझ्या मनात घोळत असलेले बोलले. आत्मा म्हटले की आपल्या कानांत गीता असते. तो शस्त्राने कापला जात नाही, अग्नीने जळत नाही, पाण्याने भिजत नाही. नेफेशला मात्र भूक लागते, तो सुकतो, तो ओततासुद्धा येतो. शमुवेलची आई हन्ना मंदिरात हेच म्हणते की मी माझा नेफेश देवापुढे ओतला आहे. आणि नेफेश मरतो. वीर शमशोन शत्रूंच्या मंदिराचे खांब ढकलताना म्हणतो, पलिष्ट्यांबरोबर माझा नेफेश मरो. पुढे रब्बींच्या आणि तत्त्वज्ञांच्या काळात देहावेगळ्या आत्म्याची कल्पना यहुदी विचारातही रुजली आणि नेफेशला तोही अर्थ मिळाला. पण लेवीयमधल्या आज्ञेत आहे तो जीव आहे. मराठीत आपण म्हणतो, जीव तहानला, जीव कासावीस झाला, जीव जडला, जीव गेला, ती दोन जिवांची आहे. नेफेशसाठी याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. "आजी," मी म्हटले, "शरीर पडू दे आणि नेफेश निर्मळ होऊ दे, असं या आज्ञेला म्हणताच येत नाही. जो उपाशी राहतो तोच नेफेश, आणि जो उपासानं जाईल तोही तोच."

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. "जीव माझा आहे ना? मग तो द्यायचा की नाही, हे मी का ठरवू नये?"

रब्बींनी याचे उत्तर दोन टप्प्यांत दिले. रोग्याने "मला अन्न हवे" म्हटले आणि वैद्य "नको" म्हणाला, तर ताल्मुद रोग्याचे ऐकायला सांगते. मग वैद्य कितीही असोत. त्याला आधार नीतिसूत्रांचा आहे: आपल्या नेफेशचे कडूपण हृदयच जाणते. उलट वैद्य "हवे" म्हणाला आणि रोगी "नको" म्हणाला, तर वैद्याचे ऐकायचे, कारण आजाराच्या गुंगीत माणसाला आपली गरज उमगत नाही. म्हणजे रोग्याच्या जाणिवेला मोठा मान आहे, पण तो जगण्याच्या बाजूने. दुसरा टप्पा संदेष्टा यहेज्केलच्या ग्रंथातल्या १८ व्या अध्यायातला: पाहा, सर्व नेफेश माझे आहेत, असे देव म्हणतो. सोळाव्या शतकात इजिप्तमध्ये न्यायनिवाडा करणारे रब्बी दाविद बेन झिम्रा यांनी याच वाक्यावरून लिहिले आहे की माणसाचा नेफेश ही त्याची मालमत्ता नसून देवाची आहे. रुग्णाच्या संमतीचे महत्त्व मी रोज पाहते, आणि हे तत्त्व कुणावर दांडगाईने लादले जाऊ नये असेच मला वाटते. आजींना मात्र त्यात दिलासा मिळाला. "म्हणजे ही ठेव आहे," त्या म्हणाल्या.

शिरेतून ग्लुकोज घेऊन उपवास पाळता येणार नाही का, हेही त्यांनी विचारले. उपवास साधावा म्हणून सुई लावून घेण्याचे बंधन नाही, असे रब्बींनी सांगितले. शिवाय त्यांच्या शिरा इतक्या नाजूक झाल्या होत्या की त्या एका मार्गावर विसंबणे डॉक्टरांना मान्य नव्हते. तेव्हा मिश्ना, म्हणजे ताल्मुदच्या मुळाशी असलेला नियमसंग्रह, त्यातल्या मापांप्रमाणे द्यायचे ठरले. मोठ्या खजुराएवढे अन्न किंवा गालभर पेय ही उपवास मोडण्याची मर्यादा आहे; त्याहून कमी घेऊन मध्ये नऊ मिनिटे जाऊ द्यायची. औषधाची ३० मिलिलिटरची खुणा असलेली प्लास्टिकची कपुली आमच्याकडे असतेच. डॉक्टरांनी अट घातली की साखर ७० च्या खाली गेली तर मापे बंद, लगेच हवे तेवढे द्यायचे. रब्बींनी ती अट धर्माचीच म्हणून मान्य केली. ब्रिस्कचे रब्बी हायिम सोलोवेइचिक (१८५३–१९१८) यांच्याविषयी सांगतात की आजाऱ्यांना उपवास सोडायला लावताना आपण योम किप्पूरबाबत सैल वागत नसून नेफेश वाचवण्याबाबत कडक वागतो, असे ते म्हणत. हे ऐकून आजींनीच मला बजावले, "रात्री गुंगीत मी नको म्हटलं, तर ऐकू नकोस."

त्या रात्री खरोखरच तशी वेळ आली. पहाटे तीनच्या सुमारास त्यांच्या कपाळाला घाम होता, शब्द जड झाले होते आणि साखर ५८ होती. गिळणे नीट होते. मी रसाचा पेला ओठांना लावला, तसा त्यांनी हात आडवा केला आणि "सण आहे" एवढेच म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी स्वतः दिलेला शब्द नसता तर तो हात बाजूला करणे मला फार जड गेले असते. ड्यूटीवरचे डॉक्टर येईपर्यंत अर्धा पेला पोटात गेला होता, आणि पंधरा मिनिटांनी साखर ८४ आली. मिश्नामध्ये, योमाच्या आठव्या अध्यायात, रब्बी मात्या बेन हेरेश यांचे मत नोंदलेले आहे: ज्याचा घसा दुखतो आहे त्याच्या तोंडात शब्बाथ या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशीही औषध घालावे, कारण तिथे नेफेशला धोका असल्याचा संशय आहे आणि नेफेशबाबतचा असा नुसता संशयही शब्बाथला बाजूला सारतो. शेकडो वेळा ऐकलेल्या या नियमात घसा आणि जीव इतके शेजारी आहेत, हे मला त्या पहाटे पहिल्यांदा दिसले.

सणाच्या दिवशी रस्त्यावर वाहने नसतात, म्हणून आम्ही काही जणी रुग्णालयातच राहतो. माझा स्वतःचा उपवास चालू होता आणि सकाळपर्यंत घसा कोरडा पडला होता. आजी ताज्यातवान्या होत्या, पण आपण प्यायलो याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होते. शेजारच्या खाटेवर नेगेवमधली एक बेदुइन बाई होती; मी दुसऱ्या रुग्णाकडे गेले की तिची मुलगी घड्याळ पाहून आजींच्या हातात कपुली देत असे. आमच्या तोंडी नेफेश, नेफेश ऐकून तिने विचारले, तेव्हा कळले की अरबीतला 'नफ्स' हा त्याचाच सख्खा भाऊ आहे आणि श्वासाला ते 'नफस' म्हणतात.

योम किप्पूरच्या सकाळी सिनेगॉगमध्ये यशयाचा ५८ वा अध्याय वाचतात. मी तो आजींना वाचून दाखवला आणि वाक्यागणिक मराठीत सांगितला. त्यात लोक तक्रार करतात की आम्ही नेफेशला क्लेश दिले, तरी तू पाहत नाहीस. संदेष्टा उत्तर देतो की तुमच्या उपवासाच्या दिवशी तुम्ही मजुरांना राबवता. मला हवा तो उपवास म्हणजे बेड्या सोडणे आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे. आणि दहाव्या ओळीत तो म्हणतो: तू आपला नेफेश भुकेल्यासाठी पुढे केलास आणि क्लेश भोगणाऱ्या नेफेशला तृप्त केलेस, तर तुझा प्रकाश अंधारात उगवेल. लेवीयमधला क्लेश आणि इथला क्लेश एकाच धातूचा आहे. क्लेश द्यायचा तो स्वतःच्या नेफेशला आणि तृप्त करायचा तो क्लेश भोगणारा नेफेश, असे दोन्ही त्या एका दिवसाच्या वाचनात आहे. आजींनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली, त्या मुलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हिनं कालपासून तेच केलंय."

दोन दिवसांनी त्या घरी गेल्या. ती गोळी डॉक्टरांनी कायमची बंद केली. अश्दोदमध्ये त्यांच्या दोन बहिणी आहेत. दोघींनाही मधुमेह आहे आणि दोघीही उपवास करतात. त्यांच्यासाठी आजींनी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत मराठी कागद लिहून घेतला. त्यात वर लेवीय १६:२९, "आपल्या जिवाला क्लेश द्या", आणि त्याखाली लेवीय १८:५, "या आज्ञांनी माणसाने जगावे", ज्यावर ताल्मुदने जोडले आहे की जगावे, मरू नये. त्याखाली मी माझ्या कामाच्या सूचना लिहिल्या: सणाच्या निदान दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, साखर कमी करणाऱ्या सर्व गोळ्या आणि इन्सुलिन दाखवा, मगच रब्बींना विचारा, साखर ७० च्या खाली गेली तर मोजमाप न करता लगेच गोड प्या. शेवटची ओळ आजींनी सांगितलेली आहे: गुंगीत नको म्हटले तर ऐकू नये, असे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.